‘कोसला’तलं ‘वगैरे’

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं प्रसिद्ध केली. तेव्हापासून तिच्या निवेदकाचा, पांडुरंग सांगवीकरचा, एक शब्द मराठीत गाजतो आहे: ‘वगैरे’. कादंबरी न वाचलेल्यांनाही तो ठाऊक असतो. बहुतेकांच्या लेखी ती नुसती लकब आहे, कॉलेजातल्या पोराची बेफिकिरी दाखवणारी. मला हे पटत नाही. नुसती लकब असती तर दहा-वीस पानांतच तिचा कंटाळा आला असता. पांडुरंग जगाकडे कसा पाहतो, हे या एका शब्दातून जितकं कळतं तितकं त्यानं मांडलेल्या कुठल्याही मतातून कळत नाही.

आधी शब्दाचं काम पाहू. ‘वगैरे’ अरबीतला, फारसीच्या वाटेनं मराठीत आला. मुळात अर्थ ‘आणि त्याखेरीज इतर’. मोडी कागदपत्रांत तो सारखा भेटतो, कारण कारकुनाला यादी कुठेतरी आवरती घ्यावीच लागते. वांगी, भेंडी, गवार वगैरे म्हटलं की एका जातीच्या दोन-तीन वस्तू पुढे ठेवल्या आणि उरलेल्या ऐकणाऱ्यावर सोपवल्या. पांडुरंग हा शब्द एकट्या शब्दामागेही लावतो, आणि तोही भावनेच्या. एखाद्याला वाईट वगैरे वाटलं, असं आपणही बोलतो. पण वाईट वाटण्याच्या जातीचं आणखी काय असतं? वरवर पाहता इथे यादीच नाही. खरं म्हणजे ती आहे, आणि ती आपण केलेली नाही. कुठल्या प्रसंगी काय वाटावं, काय बोलावं, किती हळहळावं, हे आपल्याआधीच ठरून गेलेलं असतं. पांडुरंग त्या ठरलेल्या यादीतलं पहिलं नाव घेतो आणि पुढची म्हणायला नकार देतो. त्याआधीच्या लोकप्रिय कादंबरीत, फडके-खांडेकरांच्या कादंबरीत, भावना नटूनथटून, उपमा लेवून वाक्याच्या शेवटापर्यंत चालत जात असे. त्या गद्यावर पोसलेल्या वाचकाला हे मध्येच थांबणं किती खटकलं असेल आणि किती मोकळं करून गेलं असेल, याची कल्पना करता येते.

‘वगैरे’ला जोड आहे ती ‘उदाहरणार्थ’ची. कादंबरीच्या आरंभीच पांडुरंग स्वतःचं वय सांगतो, तेही ‘उदाहरणार्थ’ म्हणून. हा शब्द संस्कृत, पाठ्यपुस्तकातला. ‘वगैरे’ कारकुनी दप्तरातला. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाला शिक्षणानं जी लेखी मराठी दिली, तिचीच ही दोन अवजारं आहेत. पाठ्यपुस्तकात आधी नियम येतो, मग उदाहरण. पांडुरंग नियम सांगतच नाही. थेट स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं करतो.

कुणी म्हणेल, हा पळपुटेपणा आहे. दुःख आलं की ‘वगैरे’ म्हणून हात झटकायचे. या आक्षेपाला कादंबरीनंच उत्तर दिलं आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी मरते, तेव्हा हे निवेदन झटकून टाकत नाही. उलट ते तपशिलांत शिरतं, थांबायचं नाव घेत नाही. मनीबरोबर तिच्या पोटी येऊ शकली असती ती पुढची सगळी वेलही संपली, इथवर पांडुरंगचं मन जातं. मराठी गद्यात शोकाची इतकी उघडी पानं मी फार थोडी वाचली आहेत. ज्याला दुःखापासून पळायचं असतं तो मृत्यूचा हिशेब इतका लांबवत नाही. ठरीव दुःखाला ‘वगैरे’ लावणारा माणूसच स्वतःचं दुःख असं सांगू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या १९५१च्या कादंबरीतला होल्डन कॉलफील्डही वाक्याच्या शेवटी अशीच शेपटी लावतो, मग पांडुरंगचं वेगळेपण काय? साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण होल्डनची शेपटी बोलण्याच्या ओघात सुटलेली आहे. पांडुरंगच्या शब्दामागे शेकडो वर्षांचं लेखी कामकाज आहे, याद्या आहेत, आणि मुळातला ‘इतर’ हा अर्थ अजून जिवंत आहे. ‘कोसला’ शंभरांतल्या नव्व्याण्णवांना अर्पण केलेली आहे. ते नव्व्याण्णव आणि हे ‘इतर’ मला वेगळे वाटत नाहीत. उदाहरण म्हणून एक पांडुरंग सांगून झाला. राहिलेली यादी त्या नव्व्याण्णवांची आहे आणि ती त्यांची त्यांनी भरायची आहे.

‘कोसला’नंतर हा शब्द अनेकांनी उचलला आणि त्यांच्या हातात तो लवकरच शिळा झाला. शब्द त्यांना सहज घेता आला, पण त्याच्या अलीकडे ठेवायला पांडुरंगच्या आयुष्याएवढं नेमकं एकही उदाहरण त्यांच्यापाशी नव्हतं.