जुन्या पिकअपचं नवं मडगार्ड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या आधी कुणी डॉक्टर बोलले, कुणी वकील. मी डेंटर. इथंच शहागडला हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं काम चालतं. शाळा सुटल्यापासून माईक हातात धरला नव्हता, तेव्हा सांभाळून घ्या.

येताना फाटकाजवळ निळी पिकअप दिसली असेल. महिंद्राची, जीपच्या तोंडाची. आपल्यातले निम्मे जण तिच्या हौद्यात मोसंबीच्या क्रेटवर बसून अंबडला कबड्डी खेळायला गेलेत. ती आपल्या ज्या मित्राच्या घरची, त्याचे वडील, आपले काका, मागच्या वर्षी गेले. भंगारवाला गाडीचा किलोवर भाव करत होता. मित्र म्हणाला, "विकायची नाही. तू नीट कर. फक्त ती तीच दिसली पाहिजे."

दोन्ही मडगार्ड खालून सडलेले, बोनेटची चाळणी झालेली. कंपनीचा पत्रा मला कुठं मिळाला नाही. पण ही जीप मुळात अमेरिकेच्या विलीजची. महिंद्राने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि ते तोंड पुढं कितीतरी वर्षं चाललं. त्यामुळं असे पत्रे बनवणारे आजही आहेत. हरियाणा-पंजाबच्या हद्दीवरचं मंडी डबवाली तर जीपच्या कामासाठीच ओळखलं जातं. तिकडून माल मागवला.

माल आला तो वरून काळा रंग मारलेला. जुना पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, हा २० गेजचा, ०.९ च्या आसपास. डावं मडगार्ड लावून बघितलं तर भोकं तीन सूत सरकलेली. मी काय केलं? डुप्लिकेट मालाला शिव्या दिल्या आणि ग्राइंडर उचलला. भोकं लांबवली, कड कापली, बोल्ट आवळले. मडगार्ड बसलं. पण या गाडीत बोनेटचे खटके मडगार्डावर बसतात. बोनेट टेकवलं तर डावा खटका अर्धा इंच बाहेर. ओढून आणलं तर मागं एका बाजूला बोट जाईल एवढी फट, दुसरीकडं पत्र्यावर पत्रा.

मित्र रोज संध्याकाळी येऊन बसायचा. मी त्याला म्हणालो, "माल खराब आला." त्यानं मान डोलावली.

रात्री झोप येईना. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगत नाही, पण आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे न आल्याबद्दल मी तुमच्या तासाला बाकावर उभा राहिलोय. सकाळी चेसिसच्या चार जागांवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि टेप धरला. दोन कर्णांत पाच सुतांचा फरक! मडगार्ड बरोबर होतं, गाडी वाकडी होती.

ती कधी वाकली तेही मला ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी काकांनी ती पुलाच्या कठड्याला घासली, तेव्हा काम माझ्याकडंच आलं होतं. घाई होती, मोसंबीचा हंगाम होता. मी पत्रा ठोकला, वरून लांबी भरली, रंग मारला आणि पैसे घेतले. चेसिसकडं बघितलंही नव्हतं.

हे मित्राला सांगितलं. तो काही बोलला नाही. चार दिवस फिरकलाही नाही. मी कापलेलं मडगार्ड बाजूला टाकलं, माझ्या पैशानं दुसरं मागवलं, चेसिस जालन्याला नेऊन ओढून आणली. बॉडीखालचे रबर दबून भाकरी झाले होते, तेही बदलले. पाचव्या दिवशी मित्र आला, म्हणाला, "पाना दे इकडं."

मग रीतीनं केलं. आधी दरवाजे, कारण बिजागरीची जागा हलत नाही. मग बोनेट, मग जाळी, शेवटी मडगार्ड. काळा रंग खरवडून आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारला. एकदा फिट झाल्यावर आत हात पोचत नाही. सगळे बोल्ट हातानं दोन-दोन आटेच. जिथं कमी पडलं तिथं खाली वायसर. सगळ्या फटी जुळल्यावरच पाना लावला. पाचोडपर्यंत एक फेरी मारून पुन्हा आवळले, कारण नवं काम पहिल्या खड्ड्यांत बसतं, आणि खड्ड्यांची आपल्याकडं वाण नाही.

फाळक्याचा पोचा तसाच ठेवलाय. काकूंनी सांगितलं होतं.

जेवणानंतर गाडी बघून घ्या. डाव्या दरवाज्याला खालच्या बाजूला अजून एक सूत फट जास्त आहे. रविवारी ती काढायचीय, मित्र येणार आहे.