संरक्षणाचा कायदा आणि कष्टकरी स्त्री

बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात तयार कपड्यांचेही कारखाने असून त्यांतील शिलाई यंत्रांवर बहुसंख्येने स्त्रियाच काम करतात. त्यांचा इतिहास कसा लिहावा, याची दिशा इतिहासकार जानकी नायर यांच्या कार्यात सापडते.

वसाहतकालीन भारतातील स्त्रिया व कायदा यांवरील त्यांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९८ च्या ग्रंथात म्हैसूर संस्थानातील खाण व गिरणी कामगार आले, तर २००५ च्या ग्रंथात विसाव्या शतकातील बेंगळूर. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे अध्यापन केले. कायदा, श्रम व शहर यांचा असा एकत्र विचार केला म्हणजे एक प्रश्न उभा राहतो: संरक्षण देणारा कायदा स्त्रीपासून काय हिरावून घेतो?

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या नियमांन्वये खाणींतील भूमिगत कामातून स्त्रियांना क्रमाक्रमाने दूर करण्यात आले. धोका टळला, तसा रोजगारही गेला. २०१६ साली भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकवणारा नियम आला. हेतू वार्धक्याच्या तरतुदीचा. परंतु नोकरी सुटलेल्या बाईला गरज असते ती आजच्या पैशाची. एप्रिलमध्ये हजारो कामगार स्त्रिया बेंगळूरच्या रस्त्यांवर उतरल्या. पीण्यालगतचा तुमकूर रस्ताही अडला. नियम मागे घेण्यात आला.

हजेरीपत्रके व वेतनचिठ्ठ्या ही उद्याची इतिहाससाधने होत. ती रद्दीत गेली, तर नियम रद्द झाल्याची नोंद उरेल. तो रद्द करावयास लावणाऱ्या स्त्रियांची नावे उरणार नाहीत.