मोजणारे आपल्यातही हवेत

(जळगाव येथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



माझं माहेर धुळ्याचं. अब्बांचे चार यंत्रमाग होते. दहावीला मला गणितात चांगले गुण पडले, पण ओढ होती ती नागरिकशास्त्राची आणि वर्तमानपत्राची. अकरावीच्या प्रवेशाला गेले तर खिडकीमागून प्रश्न आला, "आर्ट्स की सायन्स? काय ते एक सांग." मी आर्ट्स म्हणाले आणि त्या दिवशी माझं गणित सुटलं. पुढे एम.ए.ला पाहणीचे आकडे हाताळायची वेळ आली तेव्हा बारावीचं गणिताचं पुस्तक विकत आणून पहिल्यापासून शिकावं लागलं. त्या पुस्तकावर स्पष्ट छापलं होतं, कला आणि विज्ञान शाखा. म्हणजे बोर्डानं हा विषय आर्ट्सवाल्यांसाठीही ठेवलेला होता. मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून मी इथे आले आहे.

गणित आणि सामाजिक शास्त्रं एकत्र कशाला शिकायची? एका मोहल्ल्यातली पाच घरं घ्या. चार घरांचं महिन्याचं उत्पन्न १० हजार, पाचव्याचं १ लाख १० हजार. सरासरी आली ३० हजार. पण ३० हजार कमावणारं घर त्या मोहल्ल्यात एकही नाही. हे नुसतं गणित जाणणाऱ्याला दिसेल, पण ते पाचवं घर कुणाचं आणि बाकीची चार अशी का, हे कळायला समाज कळावा लागतो. आणि ज्याला समाज कळतो पण आकडा कळत नाही, तो सरासरी ऐकून गप्प बसतो.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. १९८३ साली सरकारनं पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण अशा एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल ते मांडायचं. हाच तो 'अनुशेष'. पण यात मोजमापाचं एकक होतं जिल्हा. त्या वेळी नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, १ जुलै १९९८ ला ते वेगळं झालं. तोवर अक्कलकुव्याचे पाडे आणि धुळे शहर यांची एकच सरासरी निघायची. एकक कोणतं निवडायचं, हा प्रश्न गणिताचा की समाजाचा? दोन्हींचा.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. मुसलमानांची मुलं मदरशातच जातात, असं सर्रास बोललं जायचं. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला आणि कळलं, शाळेच्या वयातली जेमतेम ३ ते ४ टक्के मुलं मदरशात जातात. बाकीच्यांचा प्रश्न शाळेचा होता, शाळा मध्येच सुटण्याचा होता. त्या समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षांच्या भाषणांनी जे झालं नाही, ते एका तक्त्यानं केलं.

आता कॉलेजचं बोलू. पहिली गोष्ट, बारावीपर्यंत गणित सोडू नका. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ला बारावीचं गणित लागतंच. बी.स्टॅट.ला आजवर शिकवणी फी नव्हती, उलट विद्यावेतन मिळत आलं आहे. अर्ज करताना त्या वर्षाचं माहितीपत्रक मात्र नीट वाचा. कोलकाता लांब वाटेल, पण हावड्याच्या गाड्या आपल्या भुसावळवरूनच जातात. गोखले संस्थेत बी.एस्सी. अर्थशास्त्र आहे. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलत मिळते.

घरून बाहेर पाठवणार नसतील, तर? विशेषतः मुलींनो, हे तुमच्यासाठी. इथेच आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्रात बी.एस्सी. करा आणि नव्या रचनेत मेजरसोबत अर्थशास्त्राचे पेपर घेता येतात का ते पाहा. पदवीनंतर वाट पुन्हा उघडते. मुंबईत देवनारला लोकसंख्याविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते. तिथल्या जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला तुमचं गणितच कामी येईल. जळगावात राहून पदवी घेतली म्हणजे मागे पडलो, असं मुळीच नाही.

कोणत्याही कॉलेजात गेलात तरी चार गोष्टी विचारा. एक, तिन्ही-चारही वर्षांचा अभ्यासक्रम दाखवा. अर्थशास्त्राच्या पदवीत कलन, संभाव्यता, संख्याशास्त्र यांचे पेपर किती आहेत ते स्वतः मोजा. दोन, दुसऱ्या शाखेचा विषय कागदावर आहे, पण तो शिकवायला प्राध्यापक आहेत का आणि दोन्ही तास एकाच वेळी तर येत नाहीत ना? तीन, विद्यार्थी गावात, वस्तीत जाऊन पाहणी करतात का? चार, फी, वसतिगृह, मेस, प्रवास धरून वर्षाचा एकूण खर्च किती आणि शिष्यवृत्ती नक्की किती? उत्तरं वहीत लिहा. कॉलेजच्या नावापेक्षा ही वही जास्त खरं सांगेल. शक्य झालं तर तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनाही हेच चार प्रश्न विचारा.

माझ्या अम्मीनं विचारलं होतं, "हे शिकून तू नेमकी कोण होणार?" डॉक्टर, इंजिनिअर म्हटलं की आईला लगेच कळतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देते. पाहणी करणाऱ्या संस्थेत, बँकेत, सरकारच्या सांख्यिकी खात्यात, वर्तमानपत्रात, विद्यापीठात अशा माणसांची गरज आहे.

आणखी एक उत्तर आहे. आपल्याला आजवर बहुतेक वेळा इतरांनीच मोजलं. कधी नीट मोजलं, कधी अंदाजानं. दारावर पाहणीवाली आली की आपण दार किलकिलं करून उत्तरं देतो आणि पुढे काय झालं ते विसरतो. यावल-रावेरचे तडवी, धुळ्याचे मागवाले, भुसावळचे रेल्वे कामगार, या सगळ्यांची मिळून एक 'मुस्लिम सरासरी' निघते. ती कुणाचीच नसते. ती फोडून दाखवणारं पोर किंवा पोरगी तुमच्यातून यावी. त्या पाहणीचे प्रश्न कुणी ठरवले, असं विचारणारं यावं, आणि पुढच्या वेळी प्रश्न लिहिणाऱ्या टेबलापाशी बसलेलं असावं.

म्हणून खिडकीमागून कुणी "काय ते एक सांग" म्हणालं, तर घाईनं एक सांगू नका. आधी अभ्यासक्रम मागा.