गाण्यातील त्याची पाळी



एखादे मूल हाकेला वळून पाहत नाही, प्रश्नास उत्तर देत नाही. परंतु परिपाठाचे गाणे सुरू होताच डोलू लागते. अशा मुलास हट्टी समजून मागे बसवू नये. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ बालकांच्या आधारे स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यांतील काहींची सुरांची स्मृती विलक्षण होती.

तथापि गाणे हे औषध नव्हे. ९ देशांतील ३६४ बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. संगीतोपचाराच्या जोडीने लक्षणांची तीव्रता घटल्याचे त्यांत आढळले नाही. उलट, माँट्रियल येथील ५१ बालकांच्या प्रयोगात (२०१८) ८ ते १२ आठवड्यांनंतर संवाद सुधारलेला दिसला. तेव्हा गाण्याकडून आजारमुक्तीची नव्हे, संवादाची अपेक्षा धरावी.

रीत साधी आहे. ओळखीचे गाणे म्हणावे, ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबावे आणि मनात सावकाश दहा अंक मोजावेत. शब्द आला तर उत्तमच. टाळी वा नुसती नजर आली तरी ती त्याची पाळी मानून गाणे पुढे न्यावे. पुढे एक खंजिरी त्याच्यात व सोबत्यात आळीपाळीने द्यावी. त्याने कान झाकले, तर आवाज कमी करावा. बळजबरी करू नये.

बहुधा आपणच घाईने तो शब्द उच्चारतो आणि त्याची पाळी हिरावून घेतो. तेवढे थांबण्यास आपण शिकावे, हीच माझी विनंती.