इस्पितळाच्या दारापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण परजिल्ह्यात आपल्या गावाचे नाव दोन गोष्टींसाठी घेतात: एक हापूस, नि दुसरे 'ते' इस्पितळ. कोणी जरा विचित्र वागला की, 'ह्याला रत्नागिरीला पाठवा' अशी थट्टा होते. आंब्याविषयी आपण तासभर बोलू. इस्पितळाचे नाव निघाले की आवाज खाली जातो. म्हणून आज त्याविषयीच बोलते.

हे इस्पितळ १८८६ सालचे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवले तेही त्याच वर्षी. तेव्हा १८५८ चा कायदा चालू होता. त्यात उपचारापेक्षा बंदोबस्ताचाच विचार अधिक. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे, त्याने हुकूम दिला की माणूस आत. १९१२ साली कायदा बदलला, तरी हुकमाची रीत राहिलीच. गुणकारी औषध नव्हते. आत गेलेल्या कितीकांना पुन्हा घर दिसले नाही.

१९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण डॉक्टरांना दिसला, आणि हळूहळू सगळीकडेच चित्र पालटले. भास ओसरू लागले, माणसे घरी परतू लागली. आपल्याकडेही 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'प्रादेशिक मनोरुग्णालय' झाले. तिथे ३६५ खाटांची सोय आहे. शिवाय औषध घेऊन त्याच दिवशी घरी जाणारेही येतात.

माझ्या आजोळी एक चुलतमामी होत्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांची झोप गेली. 'हे मूल माझे नव्हे' म्हणत बसत. बाधा समजून घरच्यांनी अंगारे, नारळ, कोंबडे, सारे केले. त्यात दोन वर्षे गेली. शेवटी औषध सुरू झाले, आणि काही महिन्यांत मामी पुन्हा चुलीपुढे बसून घावन घालू लागल्या. पण जावा त्यांच्या हातचे घ्यायला कचरत. आजार गेला, नाव राहिले.

भगिनींनो, आज खरी अडचण ही आहे. बरी झालेली बाई न्यायला कोणी येत नाही. भाऊ म्हणतो, सासरी जा. सासरचे म्हणतात, माहेरी जा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो, की घरच्यांनी नाकारले किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. त्याच कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. पण कायदा दार उघडून देईल. आत पाट मांडायचा तो आपणच.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. बाळंतिणीची झोप उडाली, ती भलते बोलू लागली, तर देवऋष्याआधी डॉक्टर गाठावा. निकड असेल तर १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. आणि आपल्या आळीत कोणी बरी होऊन परतली, तर पुढच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे तिला जावे.