फुकटचा कोड, फुकटचा कोट

नागपुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर फिरण्याची सोय नाही. मग पोरं मोबाइलवर, आणि तोंडी ‘रिडीम कोड’. फ्री फायर या खेळावर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, त्याचा भाऊ फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. त्यात फुकट बक्षीस मिळवून देणारा हा कोड १२ किंवा १६ अक्षर-अंकांचा. तो खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकायचा. ‘गेस्ट’ खात्याला चालत नाही, आधी खातं गूगल वगैरेशी जोडावं लागतं. बक्षीस खेळातल्याच टपालपेटीत येतं. बहुतेकदा पोशाख. नव्या कोटानं नेम काही सुधरत नाही बरं! कोडची मुदतही संपते. कोडच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला, तर तो भामटाच. पैसे गेलेच, तर लगेच १९३० हा सायबर मदत क्रमांक लावा.