पाण्यात पडली तेव्हा श्वास चालू होता का?



मी संगणकावरच बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण विषय आहे बुडून झालेल्या मृत्यूंच्या तपासाचा. आपल्या पुढच्या वर्गातली ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. नाव घेत नाही. विहिरीत सापडली. कागदावर अकस्मात मृत्यू, गावाने मात्र संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं, "घरच्यांनीच मारून टाकली." तिच्या भावाचं लग्न कित्येक वर्षं जमलं नाही.

आपला भाग पाण्याचा. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, तिकडे आंबेगावात डिंभे. शिवाय कालवे, शेततळी, विहिरी. माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, हे शवविच्छेदनातही दरवेळी कळत नाही. प्रेत कुजलं की तोंडाचा फेस वगैरे खुणा जातात.

जुनी तपासणी डायटमची. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, त्याचं कवच सिलिकाचं. बुडणारा माणूस पाणी फुप्फुसात ओढतो, ते रक्तात शिरतं, आणि चालू असलेलं हृदय डायटम हाडाच्या मगजापर्यंत पोचवतं. मेलेल्याच्या फुप्फुसात पाणी शिरेलही, पण ते पुढे नेणार कोण? मगज नायट्रिक आम्लात विरघळवला की कवचं उरतात. २०२१ मध्ये मुंब्रा खाडीच्या प्रकरणात ही तपासणी पेपरांत गाजली होती.

पण नितळ विहिरीत डायटम थोडेच असतात. सापडले नाहीत म्हणजे बुडाला नाही, असं म्हणता येत नाही. म्हणून आता शेवाळाचा डीएनए शोधतात. करोनामुळे घराघरात पोचलेली तीच पीसीआर. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत हिशेबाने १०७ कोटी. (दोनाचे घात आले की मी खूश!) दुसरी साक्ष शरीराचीच. फुप्फुसात अॅक्वापोरिन-५ नावाचं पाणी ने-आण करणारं प्रथिन असतं. गोड्या पाण्यात बुडालेल्यांत ते कमी झालेलं जपानी संशोधकांना दिसलं. मात्र प्रेत कुजलं तर हे पुरावेही बिघडतात, आणि नेहमीच्या तपासात अजून या चाचण्या रुळलेल्या नाहीत.

एक साधी गोष्ट मात्र आजही करता येते. प्रेत काढलं त्याच जागचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून, सील करून प्रयोगशाळेत पाठवायचं. जुळवायला ते नसेल, तर मगजात सापडलेलं शेवाळ कुठलं, हे कशावरून ठरवणार? आपल्यातले काही जण आज पोलीस पाटील आहेत, सरपंच आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

गेल्या दिवाळीत तिची आई भेटली. म्हणाली, "तू शिकलेली हायेस. सांग, पाय घसरला का तिचा, का उडी मारली?" मी म्हटलं, "मावशी, ते कुठल्याच तपासणीत कळत नाही. पण पाण्यात पडली तेव्हा ती जिवंत होती का, एवढं बहुतेक कळलं असतं."

मावशी म्हणाल्या, "तेवढंच कळलं असतं तरी पोराचं वेळेत झालं असतं."